बिनचेअरमनची सभा

एकोणीसशे नव्याण्णवचा उन्हाळा. निवृत्त मास्तर चिंतामणराव सांगलीला तवनाप्पांच्या हळदीच्या वखारीत संगणकाशेजारी अवघडून उभे होते. एका मासिकाबरोबर आलेली लिनक्स या फुकट संगणकप्रणालीची सीडी त्यांनी घरी लावून पाहिली होती. पडदा काळाच राहायचा, चित्र काही उमटायचं नाही. आपल्या एकट्याच्यानं हे व्हायचं नाही, चार डोकी जमली तरच, म्हणून भीड गिळून त्यांनी लोकांना बोलावलं होतं. सीडीतलं सगळं सकाळीच तवनाप्पांच्या संगणकात उतरवलं, तर इथंही पडदा काळाच.

"ह्याचा मालक कोण?" तवनाप्पांनी विचारलं.

"कुणीच नाही. कुणीही घ्यावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं."

"मग चेअरमन?"

"चेअरमन कशाला?"

"आवं सर, आमच्या भजनी मंडळालासुदिक चेअरमन हाय!"

लगेच कुणीतरी तवनाप्पांचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. तेवढ्यात मागून लालासाहेब उठले. हे विट्याचे, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवून परतलेले.

"आमचंबी नाव घ्या."

बघता बघता दोन पॅनेल पडली. संगणकाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. हात वर करून मतदान झालं. चिंतामणरावांना दोघंही भले वाटत होते, म्हणून त्यांनी दोन्ही वेळा हात वर केला. मतं समसमान पडली.

"मास्तरांचं मत बाद करा!"

"बाद केलं तरी तेवढीच राहत्यात की रं!"

गलका वाढला. लालासाहेबांनी टेबलावरची सीडी उचलली. "आमी इट्यात येगळी संस्था काढतो," म्हणत ते बाहेर पडले.

"सर, आडवा त्यास्नी! सीडी आपली हाय!" तवनाप्पा ओरडले.

चिंतामणराव धावले खरे, पण कशासाठी ते त्यांनाच उमगेना. कुणीही घ्यावं, असं आत्ताच तर ते म्हणाले होते.

लालासाहेब मोटरसायकलवर बसले होते. "बोला मास्तर, तुमी कुणाच्या बाजूचे?"

"ते मला ठरवता येत नाहीये. पण विट्यात पडद्यावर चित्र आलं, तर मला सांगाल का?"

"आनि हितं आलं तर?"

"तर मी तुम्हाला सांगेन."

लालासाहेबांनी किकवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"मग मघाशी आपण भांडलो कशापायी?"

"तेच मला कळलं नाही," चिंतामणराव म्हणाले. "तुम्हाला कळलं होतं का?"