माझं आठवं रीळ

मी जन्माचा मुका. आज मात्र बोलतोय, कारण गप्प बसवत नाही. मी एक मूकपट आहे, लढाईचा. बोलपट यायच्या आधी कोल्हापुरातच माझा जन्म झाला. पन्हाळ्याच्या उतारावर तालमीतले पैलवान मावळे होऊन धावले आणि दोघातिघांनी खरीखुरी डोकी फोडून घेतली. एकूण आठ रिळं. सातांत लढाई, आणि आठव्यात लढाई सरल्यावर मुलाला शोधायला आलेली आई.

थेटरांनी मला टाकलं, लालासाबनं नाही. लालासाब शिवाजी पेठेतला ऑपरेटर. दर गणपतीत भर रस्त्यात पडदा बांधून तो मला दाखवायचा. माणसं पडद्याच्या दोन्ही अंगांना बसत. मागच्यांना सगळे मावळे डावखुरे दिसत आणि मधूनमधून येणाऱ्या संवादांच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी, म्हणून लालासाब पाट्या मोठ्यानं वाचायचा. चाळीस वर्षांनीही शिट्ट्या पडायच्या. मीही सुखावायचो, खोटं कशाला बोलू?

पण मंडळाचे अध्यक्ष गणपतराव!

"लालासाब, ते रडकं रीळ लावायचं न्हाय. पोरं तापल्याली घराकडं गेली पायजेत."

झालं! त्यांचा शब्द मोडायची लालासाबची छाती नव्हती. वर्षानुवर्षं सातव्या रिळाला जयजयकार आणि खेळ खलास. लढाई म्हणजे यांना काय जत्रेतली कुस्ती वाटली? कुणीतरी चितपट झाला, फेटे उडवले, चला जेवायला! रागानं माझा नुसता जाळ व्हायचा.

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या गणपतीत पेठेतली धोंडुबाई अगदी पुढं येऊन बसली. तिचा कृष्णात त्या लढाईत गेला होता. घरी नुसती तार आली, देह आलाच नाही. सातवं रीळ संपलं, आरोळ्या झाल्या, गर्दी उठली. ती उठली नाही.

"लालासाब, अजून एक रीळ हाय की. ल्हानपणी थेटरात बघितलंय मी. आई पोराला हुडकाया जाती. तेवढं बघाया आलोय."

"आक्का, संपला खेळ," गणपतराव म्हणाले.

"संपला म्हणून कुनी ठरिवलं?"

या वेळी गणपतरावांकडं न बघताच लालासाबनं आठवा डबा उघडला. आंबूस वास आला. कोंडून ठेवलेलं रीळ चिकटून त्याचा गोळा झाला होता. कापाकापीची सात रिळं दरसाल फिरली, हवा खाऊन ठणठणीत राहिली. आई तेवढी डब्यात कुजली. गणपतराव, हे तुम्ही केलंत. आणि लालासाब, तूही!

"दिवा चालू ठेव," धोंडुबाई म्हणाली. पांढऱ्या पडद्यापुढं उभी राहून तिनं आठवं रीळ सांगायला घेतलं. आई कंदील घेऊन येती. येकेक तोंड उजेडात धरती, पदरानं पुसती, म्होरं जाती. शिट्ट्या मारणारे खाली बसले.

"मग? पोरगं गावलं?" पडद्यामागून कुणीतरी विचारलं.

"गावलं की," ती म्हणाली. "मांडीवर घेतलं तिनं."

माझ्या रिळात तसं नाही. उजाडतं, कंदील विझतो, आणि ती शोधतच राहते. लालासाबला ते पाठ होतं. तरी त्यानं दिवा चालूच ठेवला.

आता मी त्याच्या माळ्यावर पडून आहे. मंडळाची माणसं अजून मला मागायला येतात. न्या की! पण सातव्यानंतर दिवा बंद कराल तर खबरदार. धोंडुबाईला बोलवा, तिला सांगू द्या. आणि तिचा शेवट चूक आहे असं म्हणायची कुणाची हिंमत असेल, तर त्यानं आधी तिच्या दारात जाऊन तसं म्हणून दाखवावं.