घास ड्रायव्हरसाहेबांचा

परदेशात सेवा करायला जाणं म्हणजे काय असतं, हे कोणी आधी नीट सांगितलं असतं तर मी मुकाट्याने घरी बसून लेकीच्या बाळासाठी दुपटी शिवली असती. पण बालवाडीतून निवृत्त झाले, ह्यांच्यामागे घर खायला उठलं, आणि एका संस्थेने विचारलं, "बाई, तीन महिने वृद्धाश्रमात जाल का? म्हाताऱ्यांना भरवायचं काम आहे." म्हटलं, त्यात काय एवढं! उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांना भरवण्यात गेला. लेकीला पाचवा लागला होता. "जाऊन ये गं," ती म्हणाली, "बाळंतपणाच्या आत येतेसच."

तिथे पोचल्यावर पहिलं भांडण झालं ते माझ्या जिभेचं आणि तिथल्या स्वयंपाकघराचं. सूप गार, भाज्या गार, गरम तेवढं प्यायचं पाणी. मीठ असं घातलेलं की घालणाऱ्याला चिमूट सोडवली नसावी. त्यात मी शाकाहारी. आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे. पण पोरांना "पानातलं टाकायचं नाही" म्हणून डोळे वटारणारी मी, आता कोणत्या तोंडाने नाक मुरडणार? ठरवलं, मासमच्छी सोडून जे पुढे येईल ते संपवायचं. हाताने पाव मोडला की टेबलावरच्या भुवया वर जायच्या, म्हणून पाव सुरी-काट्याने खायलाही शिकले. आश्रम सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर कौतुकाने मान हलवायच्या. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. त्यांचं लंगडं, माझं पांगळं, म्हणून निभायचं.

माझ्या वाट्याला आले ते ड्रायव्हरसाहेब. हे नाव मी ठेवलेलं. गृहस्थाने आयुष्यभर बस चालवली होती. आता अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, पण डावा हात दिवसभर चादरीच्या काठावर स्टिअरिंग फिरवायचा. घरचं कोणी नव्हतं. गिळायला त्रास, म्हणून सगळं कुस्करून, चमच्याचमच्याने. सिस्टरांनी मला आल्या आल्या बजावलं होतं, "भरवून झालं की तोंड उघडायला लावा आणि उजव्या गालात बोट फिरवा. तिथे त्यांना काही जाणवत नाही, घास तसाच राहतो. श्वासात गेला तर संपलं." आणि मग त्या दारातून विचारायच्या, "गिळलं?" त्यांच्या भाषेतले मला आलेले पहिले दोन शब्द हेच: 'गिळलं' आणि 'हो'.

साहेब हट्टी. दोन चमचे झाले की मान फिरवायचे. मग मी बालवाडी काढली. "हा घास कंडक्टरचा, हा घास पासिंजरचा, हा रांगेत मागे राहिलेल्या आजीबाईंचा..." मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण सूर कळत असावा. अर्ध्या तोंडाने हसायचे आणि खायचे. मला त्यांचा लळा लागला, हे कबूल करते.

एका दुपारी त्यांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला. डाव्या हाताने आपल्या ताटलीतला कुस्करलेला मासा उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला. जेवणघरातल्या सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. आजवर मी माशाला बोट लावलं नव्हतं. पण एवढा अधू माणूस एवढ्या कष्टाने घास पुढे करतोय, त्याला नाही म्हणतात का? मी तोंड उघडलं. मासा गालात धरून बसले, थुंकायला कुठे आडोसा आहे का ते बघितलं, पण साहेब टक लावून माझ्या घशाकडे बघत होते. शेवटी देवाचं नाव घेऊन पाण्याबरोबर गिळला. बाकीच्या म्हाताऱ्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मीही हसून मान डोलावली, वेडी!

सिस्टर मला हाताला धरून चादरींच्या खोलीत घेऊन गेल्या.

"बाई, तुम्ही काय केलंत कळलं का?"

"मासा खाल्ला," मी म्हणाले. "आंघोळ करीन."

"त्यांनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात."

ती त्या आश्रमाची जुनी रीत होती. ज्याचं कोणी नाही, तो शेवटच्या घटकेला हात धरून बसायला माणूस निवडतो. तोंडाने विचारणं जड जातं, म्हणून आपल्या ताटातला घास देतो. नको असेल तर घास ताटलीत परत ठेवायचा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. कोणी रागावत नाही. पण खाल्ला, की शब्द दिला. मग तो दुसऱ्या कोणाला विचारत नाही, आणि दुसरं कोणी त्याच्याजवळ बसत नाही.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"ते कोणालाच विचारत नव्हते हो. तुम्ही तर पाहुण्या. तुम्हाला विचारतील असं स्वप्नातही आलं नाही."

"मग आता?"

"एकच वाट आहे. जायच्या आधी तुमच्या ताटातला घास, तुमच्या हातून, त्यांनी राजीखुशीने गिळायचा. मग तुम्ही मोकळ्या आणि तेही मोकळे. दुसऱ्या कोणाला विचारता येईल त्यांना."

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, पाय सुजलेत, डॉक्टर म्हणतात कधीही ऑपरेशन करावं लागेल. तिला सासू नाही. जावई भला माणूस, पण गॅस पेटवून मग पातेलं शोधणारा. "आई, येशील ना गं वेळेवर?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ती शाळेच्या पहिल्या दिवशीची आठवली. "तिकीट आहेच की," मी म्हणाले. फोन ठेवला आणि त्या रीतीचा, त्या माशाचा, माझ्या उघडलेल्या तोंडाचा असा राग आला की रडूच फुटलं. कोणाशी भांडू? सगळेच चांगले होते.

मग रोज माझ्या ताटातला घास. दुधात भिजवलेला पाव. कुस्करलेला बटाटा. स्वयंपाकिणीच्या नाकदुऱ्या काढून शिजवलेला गुरगुट्या भात, वर मीठ आणि लोणी. साहेब आपल्या ताटलीतलं सगळं खायचे आणि माझा चमचा आला की ओठ घट्ट. कंडक्टर नाही, पासिंजर नाही, आजीबाई नाही. सिस्टरांनी त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. मी लेकीचा फोटो दाखवला, पोटावरून हात फिरवून सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला, अंगठ्याने पुसला, परत दिला. ओठ मिटलेलेच. त्यांना सगळं कळत होतं, आणि मी हात टेकले होते.

निघायची सकाळ आली. बॅग दाराशी ठेवली, कोट अंगात घातला आणि भाताची वाटी घेऊन त्यांच्यापाशी बसले.

"ड्रायव्हरसाहेब," मी मराठीतच बोलले, "हा घास कंडक्टरचा नाही, पासिंजरचा नाही. हा माझा आहे. घ्या हो. पाया पडते."

त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मी घास दिला. जबडा हलला, घसा वरखाली झाला. दारातल्या सिस्टरांनी दोन्ही हात छातीशी धरले आणि लगबगीने माझी बॅग बाहेर न्यायला गेल्या. मला एवढं हलकं वाटलं की मी साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आ करा," मी सवयीने खूण केली.

त्यांनी शहाण्या मुलासारखा आ केला. उजव्या गालात बोट फिरवलं. स्वच्छ होता. उठणारच होते, पण का कोण जाणे, डाव्या गालातही फिरवलं.

घास तिथे होता. अख्खा, जसाच्या तसा. डावी बाजू त्यांची शाबूत होती. तिथे शीत जरी राहिलं असतं तरी त्यांना जाणवलं असतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यांत राग नव्हता, लबाडी नव्हती. माझ्याकडे नुसते बघत राहिले. घास तसाच ठेवून जाता येत नव्हतं. श्वासात गेला असता. मी बोट वळवलं आणि माझ्या सुटकेचा घास माझ्याच हाताने बाहेर काढला. त्यांनी काढू दिला.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. सिस्टर दारात आल्या आणि रोजच्यासारखं त्यांच्या भाषेत विचारलं, "गिळलं?"

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला लेकीचे सुजलेले पाय दिसत होते. मी मूठ मिटली.

"हो," मी त्यांच्याच भाषेत म्हणाले.

तो शब्द साहेबांना कळला. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि हात चादरीच्या काठावर ठेवला. तो हात हलला नाही.

गाडी वळणावर आली तेव्हा लेकीचा फोन वाजला. "निघालीस ना गं, आई?"

"निघाले," मी म्हणाले. फोन डाव्या हातात धरला होता, कारण उजव्या मुठीत भात होता.