उलट्या वाटेवरचं माहेर

यांगझोमचं माहेर सामदोला आणि सासर बिमथांगला. मध्ये एकच खिंड, लार्क्या. धडधाकट माणसाने पहाटे निघावं आणि दिवेलागणीला पोचावं, एवढंच काय ते अंतर. पण गंमत अशी, की या वाटेवर सगळं जग माहेराकडून सासरीच चालत येतं. मनास्लू शिखराला वळसा घालणारे गोरे, त्यांचे गाइड, त्यांची ओझी वाहणारे भरिया, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. तिकडून चढण सोसण्यासारखी आहे आणि इकडून छातीचा भाता फुटतो, म्हणून उलटं कोणी जातच नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. लार्क्याचे डोंगर जवळूनही साजरेच आहेत, फक्त आडवे येतात.

त्यामुळे आईकडून यांगझोमला सगळं मिळायचं, पण आईला काही पाठवायचं म्हटलं की ते खाली जाणाऱ्या गाइडच्या हाती द्यायचं. तो जीपने काठमांडूला जाणार, तिथे नवी गिऱ्हाइकं मिळाली की पुन्हा बुढी गंडकी नदीच्या काठाने वर चढणार, आणि मग कधीतरी ते सामदोला पोचणार. डोंगराच्या पाठीमागे बसलेल्या आईला निरोप द्यायला अख्खा देश फिरून जावं लागे. फोन होता, पण आमाला, म्हणजे आईला, कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. बहिरीला फोन म्हणजे टकल्याला फणी.

दुपार कलली की खिंडीवरून माणसं उतरायला लागायची. नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले, गुडघे लटपटणारे. यांगझोम त्यांना आपल्या लॉजमध्ये लसणीचं सूप द्यायची, चुलीजवळ जागा करून द्यायची, आणि ती जरा माणसात आली की हळूच म्हणायची, सामदोचे फोटो दाखवा ना.

ही सवय तिला लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात लागली. एक जर्मन बाई आपल्या फोनवरचे फोटो सरकवत बसली होती, आणि त्यात अचानक आमा दिसली. कॅमेरा पाहिल्यावर आमा नेहमी करायची तेच तिने केलं होतं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिचं मत. पण हात तर आमाचेच होते. यांगझोमने त्या बाईच्या हातातून फोनच ओढून घेतला आणि ढसाढसा रडली. बिचाऱ्या बाईला वाटलं, आपल्या हातून काही अपराध झाला.

ही हकिकत तुलबहादुर घले नावाच्या गाइडने पुढच्या फेरीत आमाच्या कानात ओरडून आणि हातवारे करून सांगितली. त्या दिवसापासून म्हातारी पालटली. आयुष्य कमी होण्याची भीती कुठल्या कुठे पळाली. ती सकाळीच दारात येऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाहीला धरून थांबवायची. कधी नवी किटली उंच धरायची. कधी नुकतं जन्मलेलं याकचं पिल्लू मांडीवर घ्यायची. एकदा तर तिने तोंडाचा आ करून पडलेल्या दाताची जागा दाखवली. गोऱ्यांना वाटायचं, काय मजेशीर म्हातारी आहे! त्यांना काय ठाऊक, की आपण टपालवाले झालो आहोत.

आमा दिसली की यांगझोमचा जीव भांड्यात पडायचा. किटली नवी आहे, म्हणजे बरं चाललंय. पिल्लू झालंय, म्हणजे लोणी असेल. मग ती स्वतःशी म्हणायची, या मोसमात नाही जमत, पुढच्या मोसमात जाऊन येऊ. खरी अडचण अशी होती की खिंड उघडी तेव्हा धंदाही उघडा, आणि धंदा बंद व्हायचा तो खिंड बर्फाने बंद झाल्यावरच. पावसाळ्यात थोडी उसंत असायची, पण तेव्हा कधी पोरगी तान्ही, कधी सासू आजारी, कधी लॉजचं छप्पर उडालेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. बघता बघता पोरगी खाली धारापानीला सासूपाशी राहून शाळेत जायला लागली, आणि यांगझोम लग्न होऊन आली ती एकदाही माहेरी गेली नव्हती.

या शरदात मात्र आमा कुणाच्याच फोटोत आली नाही.

पहिले काही दिवस यांगझोमने मनावर घेतलं नाही. मग ती एकेकाचे सगळे फोटो बघायला लागली. सामदोची कमान होती, मंत्र कोरलेल्या दगडांची मणींची भिंत होती, शेजारणीचं कुत्रं तर प्रत्येकाच्या फोनमध्ये होतं. आमाचं घरही दिसायचं, पण दार बंद. सकाळच्या फोटोत बंद, दुपारच्या फोटोत बंद. उंबऱ्यावर जिथे ती बसायची तिथे कुणाचीतरी पाठीवरची पिशवी टेकवलेली.

तुलबहादुर आला तेव्हा तिने त्याला भात वाढायच्या आधीच विचारलं.

"दिदी, मी दार ठोठावलं," तो म्हणाला, "पण तिला ऐकू कुठे येतं? शेजारी विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"आहे म्हणाले."

"आहे म्हणजे? कशी आहे?"

"एवढंच. आहे." तो रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. "माझ्यामागे बारा गोरे होते, दिदी. थांबता नाही आलं मला."

सामदोत अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दलही 'आहे' असंच म्हणतात.  त्या दिवशी यांगझोमने कुणाचं सूप अळणी केलं, कुणाचं खारट.

नवऱ्याला, काल्देनला, तिने सांगितलं की मी जाते. काल्देन वाईट माणूस नव्हता, पण मोसमात त्याला लॉजपलीकडचं जग दिसत नसे. तो म्हणाला की वीस जणांचं आरक्षण आहे, आभाळ भरून येतंय, ही चार दिवसांची घाई उरकली की मीच तुला नेतो. तिने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "चार दिवसांनी खिंड बंद झाली आणि तिकडे काही झालं, तर उरलेला जन्म तुझ्या चुलीपुढे मी कशी बसू, ते सांग."  दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याआधी उठून काल्देनने सातूच्या पिठाची पिशवी बांधली आणि आपले बर्फातले बूट तिच्या पुढ्यात आणून ठेवले. ते तिला मोठे होत होते, म्हणून आत दोन मोजे जास्तीचे घातले.

बिमथांगकडून लार्क्याची चढण म्हणजे घसरणाऱ्या दगडांचा उभा ढीग. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. ऊन डोक्यावर यायच्या बेताला वरून माणसं उतरायला लागली आणि प्रत्येक जण तिला थांबवून सांगू लागला, की बाई, तुम्ही उलट्या चाललात. एका भल्या म्हाताऱ्या गोऱ्याने तर नकाशा उघडून तिला बिमथांग कुठे आहे ते दाखवलं. ज्या गावी ती रोज शंभर बटाटे सोलते, ते गाव तिने नकाशावर निमूट पाहून घेतलं आणि त्याचे आभार मानले. मग त्याच्याच फोनवर सामदोचे फोटो बघितले. दार बंदच होतं.

खिंडीवर पताका फडफडत होत्या. तिथे पोचल्यावर प्रत्येक जण देवांचा जयजयकार करतो. यांगझोमला धाप लागली होती, तिने मनातल्या मनात केला, आणि पलीकडे पाहिलं. हिमनदीच्या कडेची ती वाट, त्यापुढे तपकिरी कुरणं. लहानपणी ती याक घेऊन इथपर्यंत यायची. सगळं होतं तसंच होतं, आणि त्याचाच तिला राग आला. एवढं जवळ होतं? आपण एवढ्यासाठी इतकी वर्षं थांबलो?

सामदोत शिरली तेव्हा अंधारून आलं होतं. आमाच्या दाराला आतून कडी. ठोठावण्यात अर्थच नव्हता. ती मागे वळसा घालून खालच्या गोठ्यात शिरली, लहानपणी उशीर झाला की शिरायची तशी, आणि शिडीने वर चढून फळी उचलली.

आमा चुलीपाशी बसून जव भाजत होती. अंथरुणाला खिळलेली नाही, खंगलेली नाही. गालावर विस्तवाची लाली, हाताशी लोण्याच्या चहाचा वाडगा. यांगझोम गोठ्याच्या भोकातून अर्धी वर आलेली तशीच थांबली. वाटभर जे रडू दाबून ठेवलं होतं त्याचं काय करावं, हे तिला कळेना.

आमाने मान वळवली. हातातली पळी ठेवली.

"वर ये," ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "थंडी येतेय त्या भोकातून."

यांगझोम वर आली, तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "तू बरी आहेस ना? मग दार का बंद? सगळा मोसम मी जीव मुठीत धरून बसलेय!"

"बरी आहे. मला काय झालंय?" आमा म्हणाली. "गोरे येताना दिसले की मी कडी घालून आत बसते. शेजारच्यांनाही सांगून ठेवलंय, काही बोलायचं नाही."

"पण का?"

"मी दारात बसले की तू तिकडे मला बघायचीस. किटली बघितलीस, पिल्लू बघितलंस, दात पडलेला बघितलास. तुझं पोट भरायचं. मग कशाला येशील तू?" आमाने तिचं मनगट धरलं. "आणि मला काय दिसत होतं, पोरी? नुसती बाकीच्यांची पाठ. सगळे तुझ्याकडे चाललेले."

 आमा खोटं बोलत असती तर यांगझोमला भांडता आलं असतं.

"खाली बस," आमा म्हणाली. "अशी नाही, उजेडात."

ती चुलीपुढे बसली. आमाने तिची टोपी काढली, वेणी सोडली, आणि हाताच्या तळव्याने तिचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला. मग केसांत बोटं घातली आणि थांबली.

"पांढरे झाले," ती म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली गेला. "माझ्या पोरीचे केस पांढरे झाले, हे मला कुणी दाखवलं नाही."

यांगझोमने तिचा हात धरला आणि खुणेने विचारलं, उद्यापासून दारात बसशील ना?

"नाही," आमा म्हणाली. "दार बंदच राहील. बघावंसं वाटलं तर येऊन उघडायचं."

यांगझोमने मान हलवली, येईन म्हणून. आमाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती विस्तवाच्या उजेडात लेकीचे केस बाजूला करकरून बघत होती.