मत विचारायला आलेली बाई

वैद्यक परिषदेची बाई कार्डिफहून आमच्या खोऱ्यात लोकांचं मत विचारायला येणार, असा कागद पोस्टाच्या दारावर लागला. त्याच संध्याकाळी खाणकामगारांच्या क्लबात ठरलं, कुणी तोंड उघडायचं नाही.

मत विचारायला आलेली माणसं आमच्याकडून काहीतरी घेऊनच जातात. शाळेबद्दल विचारलं, शाळा गेली. खालच्या गावातल्या दवाखान्याबद्दल विचारलं, त्याला टाळं लागलं. आता उरले होते एकटे डॉक्टर प्रोथेरो. आणि डॉक्टरांचे परवाने देणारी, काढून घेणारी हीच ती परिषद.

"कुणीतरी तक्रार केलीय," ग्लानमोर म्हणाला. खाण बंद पडल्यापासून तो बस चालवायचा आणि सगळ्यांच्या आधी त्यालाच सगळं कळायचं. बोलताना तो माझ्या वहिनीकडे बघत होता.

माझा भाऊ एम्रिस छातीच्या दुखण्यानं गेला, त्यानंतर दुसरा हिवाळा चालू होता. मेन्ना वहिनीनं पेला खाली ठेवला.

"माझ्याकडे काय बघतोस रे? प्रोथेरो एम्रिससाठी बर्फातून चालत यायचे. मी त्यांची तक्रार करीन?"

"मी कुठं तुझं नाव घेतलं?"

"डोळ्यांनी घेतलंस की!"

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. मत द्यायला नव्हे, कोण देतंय ते बघायला. बाईचं नाव हेलेड. वयानं लहान, अंगावर भिजलेला कोट. आमच्याशी वेल्श भाषेत बोलायला लागली, पण ती बोली उत्तर वेल्सची. संशय आणखीच बळावला.

"मी कुणा एका डॉक्टरबद्दल आलेले नाही," ती म्हणाली. "परिषद सगळ्या डॉक्टरांसाठी नवे नियम लिहितेय. लिहिण्याआधी तुम्हाला विचारायचंय."

"शाळेच्या वेळीही अस्संच म्हणाले होते," ग्लानमोर म्हणाला. लोक हसले.

हेलेडही हसली, पण तिचे कान लाल झाले. "एवढंच सांगा. डॉक्टरकडून चूक झाली, पण त्यानं काही बिघडलं नाही असं त्याला वाटतंय. तरी त्यानं सांगावं का?"

कपबशा वाजल्या. डॉक्टर प्रोथेरो मागे दारापाशी बसले होते. त्यांनीही मान वर केली नाही.

मेन्ना उठली. "आधी तू सांग पोरी. एवढी खोरी पडलीत, तू नेमकी आमच्याच दारात का?"

"बोलावणं आलं म्हणून."

"कुणाचं?"

हेलेड घुटमळली. तिची नजर मागे गेली तशी सगळ्यांचीच गेली. प्रोथेरो सावकाश उभे राहिले. "माझं," ते म्हणाले. "मीच बोलावलं."

ग्लानमोरसुद्धा खाली बघायला लागला. मेन्ना मात्र उभीच होती. हेलेडला उत्तर देताना तिचे डोळे डॉक्टरांवर होते. "सांगावं. बिघडलं की नाही, ते आमचं आम्ही ठरवू. घे लिहून."

घरी जाताना मी म्हटलं, "म्हातारे झालेत गं. उगाच काहीतरी सुचलं असेल."

दारापाशी आल्यावर मेन्ना म्हणाली, "एम्रिसकडे न बोलावता यायचे ते. आपण कधी विचारलंच नाही, का येतात म्हणून." आजारपणात त्यांनी आणलेलं सूप, दफनाच्या वेळी सगळ्यांच्या मागे उभं राहणं, सगळंच आता आम्हाला वेगळं दिसायला लागलं.

सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. मेन्ना खुर्चीवर बसली नाही. "काय केलंत तुम्ही?"

प्रोथेरोंनी चष्मा काढला. "एम्रिस पहिल्यांदा खोकत आला, तेव्हा मी त्याला छातीचा फोटो काढायला धाडलं नाही. खाणीची धूळ आहे म्हणालो. धाडलं ते पुढे वसंतात. मोठ्या इस्पितळातले म्हणाले, आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता. मी तेच धरून बसलो."

"खरंच नसता पडला?"

"माहीत नाही, मेन्ना."

"मग ती बाई कशाला बोलावलीत?"

"वाटलं, कुणी विचारलं तर तुम्ही बोलाल. मग मलाही बोलता येईल."

"म्हणजे सुरुवातही आम्हीच करायची!" मेन्ना म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यात तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

उन्हाळ्यात परिषदेनं प्रोथेरोंना लेखी ताकीद दिली. मग त्यांनी दवाखाना सोडला आणि बहिणीकडे राहायला गेले. आता दुसऱ्या गावचा डॉक्टर अधूनमधून येतो, त्याला आमची नावं धड उच्चारता येत नाहीत. गावानं दोष मेन्नाच्या माथी मारला. बसमध्ये चढली तर ग्लानमोर पैसे घेतो, पण वर बघत नाही.

"खरं काय ते सांग की गावाला," मी एकदा म्हटलं.

"ऐकतील? तूच बघ, कशी बघतेस माझ्याकडे."

तिचं खोटं नव्हतं. त्या चुकीबद्दल परिषदेला प्रोथेरोंनी स्वतः कळवलं, की मेन्नानं हेलेडला फोन केला, हे मला आजही माहीत नाही. विचारायला माझी जीभ रेटत नाही, आणि आपणहून ती सांगत नाही. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जाते. आम्ही हवापाण्याच्या गोष्टी करतो.