दाढीवाल्याचा कौल

"मांडवाक कोणी लुंगी नेसवली काय ओ?" चहाचा कप मेजावर ठेवता ठेवता जानकीनं नवऱ्याला विचारलं.

सगुण पडद्यात डोकं खुपसून बसला होता. कॉम्प्युटरवर हर्षाच्या लग्नाचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोवर काळपट आडवे पट्टे होते. भटजींवर पट्टे, अंतरपाटावर पट्टे, नवरदेवाच्या फेट्यावर पट्टे. तो पुढचा फोटो उघडी, मग त्याच्या पुढचा. जणू कुठेतरी पुढे एखादा तरी शहाणा फोटो दडून बसला असावा.

"तुमका विचारतंय मी. पट्टे कसले ह्ये?"

"बघतंय मगे."

"आणि सुमंगलावैनीचो फोटो? तो बरो इलो मां?"

तो फोटो उघडायचं धाडस सगुणला अजून झालं नव्हतं.

मुळगावच्या सुमंगलेचा नवरा महादेव खाणीवर ट्रक चालवायचा. सगुणचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यांची मुलगी हर्षा शाळेत असतानाच तो गेला, आणि त्या दिवसापासून सुमंगला कुणाच्याही मंगलकार्यात मागच्या दारानं शिरायची, स्वयंपाकाकडे राबायची आणि मागच्या दारानंच घरी जायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. हर्षाचं लग्न ठरलं, मुलगा धारगळचा मिळाला, तेव्हा ओवाळायला मावशी उभी राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण हर्षा अडून बसली. "आयनंच माका कुंकू लावूक होया. नायतर मी मांडवात येवचंय नाय."

आणि सुमंगलेनं लावलं. देवळाच्या सभागृहात, सगळ्या वाड्यादेखत. भटजी पोथीत बघत राहिले. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एरवी शेवग्याच्या शेंगांसारखे हवेत लोंबणारे मोबाईल, पण त्या क्षणी एकही वर झाला नाही. फोटो काढला तो एकट्या सगुणनं.

हा सगुण म्हणजे डिचोलीच्या बाजारातला जुना फोटोग्राफर. माणूस कामाचा पक्का, पण अलीकडे त्याला एक नवा देव भेटला होता. मोबाईलवर कॅमेऱ्यांची परीक्षा घेणारा एक दाढीवाला. हिंदीत बोलायचा, झकास बोलायचा, आणि लाखो लोक त्याला बघायचे. गावात काही अडलं की देवाला पाकळ्या लावून कौल घेतात. सगुण दाढीवाल्याचा घ्यायचा. भिंग कुठलं घेऊ, बॅटरी कुठली, जुना फ्लॅश ठेवू की विकू? दाढीवाला म्हणाला विका, सगुणनं विकला. नवा कॅमेराही त्याच्याच सांगण्यावरून आला. चहाच्या गाड्यावर बसून सगुण इतरांनाही ज्ञान पाजायचा. "आमचो दाढीवालो काय म्हणता म्हायत आसा?" असं त्याचं वाक्य सुरू झालं की लोक आपापला चहा लवकर संपवायचे.

तर त्या दाढीवाल्याचं म्हणणं असं, की मंगल प्रसंगी कॅमेऱ्याची खटखट म्हणजे अडाणीपणा. आवाज बंद करा, कुणाला कळणारही नाही इतक्या हळुवारपणे फोटो काढा. आणि दर फोटोनंतर मागच्या पडद्यावर डोकावू नका, ते नवशिक्याचं लक्षण आहे, कॅमेऱ्यावर विश्वास ठेवा.

सगुणनं ठेवला. आवाज बंद केला आणि दिवसभरात एकदाही डोकावला नाही. नवशिका दिसायला नको!

आता त्यानं तो व्हिडिओ पुन्हा लावला. दाढीवाला आपल्या खोलीत बसला होता. बाजूला मोठी खिडकी, स्वच्छ ऊन. फोटो काढत होता तो आपल्या कुत्र्याचे. मग त्यानं कॅमेऱ्याची एक बॅग दाखवायला घेतली. इथंच सगुणनं मागच्या वेळी व्हिडिओ बंद केला होता. बॅग संपली आणि दाढीवाला जाता जाता म्हणाला, एलईडीच्या उजेडात मात्र जपा, आवाज बंद केला तर पट्टे येऊ शकतात, आपल्या जागेवर एक फोटो आधी काढून बघा.

हे दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण आतून सतत मिणमिणत असतात. आवाज बंद केलेला कॅमेरा चित्र ओळीओळीनं टिपतो आणि ती मिणमिण फोटोत उमटते. देवळाच्या सभागृहात गेल्याच वर्षी एलईडी बसवले होते. उद्घाटनाचे फोटो सगुणनंच काढले होते.

शिव्या द्यायलाही आता कुणी उरलं नव्हतं. दाढीवाल्यानं सांगितलं होतं. ह्यानं ऐकलं नव्हतं. कान तापले, आणि बायकोनं पडद्यावरचं ऐकलं की काय म्हणून त्यानं घाईघाईनं आवाज कमी केला. तिनं ऐकलं होतं. ती कप उचलून आत गेली.

दिवसभर तो कॉम्प्युटरवर पट्टे पुसत बसला. पट्टा पुसला की त्याखालचं तोंड राखेसारखं होई. शेवटी सुमंगलेचा तो एक फोटो छापून घेऊन तो मुळगावला गेला.

सुमंगला खिडकीपाशी तांदूळ निवडत होती. सून नाही, मुलगी सासरी. घर एकदम मोठं झालं होतं.

"वैनी, फोटो बिघडले," सगुण उभ्याउभ्याच म्हणाला.

"सगळे?"

"मांडवातले सगळे."

तिनं सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला. फोटोत हर्षाची वाकलेली मान स्पष्ट होती, तबक स्पष्ट होतं, कुंकवाचं बोट स्पष्ट होतं. सुमंगलेच्या डोळ्यांवरून मात्र एक काळा पट्टा गेला होता.

"हर्षा माहेरा येतली तेव्हा परत काढूया," सगुण घाईनं म्हणाला. "तीच साडी, तांच तबक. मी सगळा मांडतंय."

"परत नको रे. त्या दिवशी हात कसो वर गेलो तां माजा माकाच ठावक नाय."

वाटेवर त्यानं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. दिव्यांचा दोष, कॅमेऱ्याच्या कंपनीचा दोष, लाखो लोक बघतात अशा माणसाचा सल्ला. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात सुमंगला फोटोकडे बघतच म्हणाली, "तू म्हणालंस मां रे, वैनी भिया नको, ह्या कॅमेराक आवाज नाय, कोण वळान बघूचो नाय. माका तेवढोच धीर इलो."

सगुणनं तोंड मिटलं. त्याला वाटलं, ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ह्योच मोठो करून घेवन ये," ती म्हणाली. "फ्रेम करून."

"ह्यो? वैनी, पट्टो आसा तोंडार."

"आसूं दे. मी आसंय मां तेच्यात?"

पुढच्या आठवड्यात फ्रेम घेऊन तो आला. पट्टे देवळातल्या दिव्यांमुळे आले, हे तोवर जानकीकडून सुमंगलेपर्यंत पोचलं होतं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तो आपल्या स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत घालायचा. ह्या फोटोवर घातलं नव्हतं. सुमंगलेला ते दिसलं असावं. महादेवच्या फोटोशेजारची जागा तिनं दाखवली. सगुण स्टुलावर चढला, खिळा ठोकला, फ्रेम टांगली.

तेवढ्यात शेजारची पार्वती आत आली. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिनं फोटो नीट न्याहाळला. "बरो आसा गो. पण ह्ये पट्टे कसले? आणि काढलो कोणी? नाव खय दिसणा नाय."

सगुण स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. तोंडात खिळा असता तर निदान निमित्त झालं असतं; पण खिळा केव्हाच भिंतीत गेला होता.

"आमच्या सगुणान काढलो," सुमंगला म्हणाली. "पट्टे ते देवळातल्या लायटीचे. तेका तो काय करतलो?"

सगुण खाली उतरला. भिंतीचा चुना फरशीवर सांडला होता. तो उकिडवा बसला आणि हातानं तो गोळा करू लागला.

"रवूं दे रे, मी झाडतंय," सुमंगला म्हणाली.

"नको, वैनी," तो म्हणाला, आणि मान वर न करता गोळा करत राहिला.