पहिल्या रविवारची पाहुणी

मी एक जुनी काचेची बेकिंग डिश आहे. नेकारसुल्म गावात, एका घराच्या तळमजल्यावर, हाइडरूनबाईंच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. म्हणजे असायला हवा. खरं सांगायचं तर माझं निम्मं आयुष्य लोकांच्या घरी गेलं आहे, आणि म्हणूनच मित्रांनो, माझा स्वभाव संशयी झाला आहे. हे आधीच सांगून ठेवते. मागाहून 'ही डिश फार कुजकं बोलते' अशी तक्रार नको.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. वाळू वितळवून माझी काच केली, साच्यात दाबली आणि हळूहळू थंड केली. हाइडरूनबाईंच्या लग्नात त्यांच्या मावशीने मला आहेर म्हणून दिलं. तेव्हा मला काचेचं सुरेख झाकण होतं. आता जे आहे ते दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याचं प्लास्टिकचं झाकण आहे. मूळ झाकण एका घरी गेलं ते गेलंच. विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे आलंच नव्हतं! बघा, असे असतात लोक.

हाइडरूनबाई मॉर्मन पंथाच्या. जर्मनीत हे लोक थोडेच आहेत. ते चहा-कॉफी पीत नाहीत, दारूला शिवत नाहीत. त्यांच्या चर्चमधल्या बायकांचा एक मदत-संघ आहे. कुणी बाळंत झाली, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी माणूस गेलं, की या बायका आळीपाळीने तिथे जेवण पोचवतात. मग माझ्यात बटाट्याच्या चकत्या रचायच्या, वर मलई ओतायची, चीज किसायचं आणि मी ओव्हनमधून निघाले की टॉवेलात गुंडाळून मला घेऊन जायचं. बटाट्याच्या या पदार्थाला इथे आउफलाउफ म्हणतात. माझ्या बुडाला चिकटपट्टीवर बाईंचं नाव लिहिलेलं आहे, म्हणजे मी हरवू नये. कितीतरी घरांत माझं कौतुक झालं. काही घरांनी मात्र दारच उघडलं नाही. 'झेक्टे आहे ती, भोंदू पंथ! लांब राहा,' असं दाराआडून पुटपुटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आता काचेला कान कुठून आले, ते विचारू नका.

सन २००७च्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची धम्मदीपा बाळंत झाली. तिचा नवरा अश्वजित गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीयर होता. पोट चिरून मुलगी झाली होती, त्यामुळे तिला जड काही उचलायला मनाई होती. मदतीला अश्वजितची आई, द्रौपदीबाई, अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. ही मंडळी बौद्ध. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि घर कसं लख्ख.

जूनच्या पहिल्या रविवारी हाइडरूनबाई मला घेऊन वर गेल्या. द्रौपदीबाईंनी वेलची घालून चहा केला, चांगल्या कपात आणून ठेवला. हाइडरूनबाई म्हणाल्या, "नाइन, डांके." म्हणजे नको, आभार.

"आई, त्यांच्या धर्मात चहा चालत नाही," धम्मदीपाने समजावलं.

"बरं बापा. मग पाणी दे तिले."

पाणी आलं. हाइडरूनबाईंनी त्यालाही नको म्हणून मान हलवली. बाळाचे पाय कुरवाळले, मला टेबलावर ठेवलं आणि हसून निघून गेल्या. द्रौपदीबाईंनी माझं झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. मला रागच आला. हिला माझी शंका येते? मला हिची येत होती! ही बाई मला परत देईल की माझ्यात लोणचं घालून ठेवील, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता.

पण त्यांनी मला परत दिलं, आणि रिकामं नाही. रिकामं भांडं परत करायचं नसतं म्हणे. माझ्यात काजू-बेदाणे घातलेला शिरा भरून पाठवला. हाइडरूनबाईंनी तो संध्याकाळी उभ्याउभ्याच खाल्ला, चमच्याने तळ खरवडून. हे मी पाहिलं. पण मला कोण विचारतं?

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी माझ्या झाकणावर येशूचं चित्र असलेली एक पुस्तिका होती. ती ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं, हे नोंदवून घ्या. त्या दिवशी उकाडा भयंकर होता. जिना चढून हाइडरूनबाईंचे ओठ सुकले होते. द्रौपदीबाईंनी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. हाइडरूनबाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. द्रौपदीबाईंचा चेहरा एकदम मिटला.

दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "आजपासून या बाईचं काही घ्यायचं नाही."

"काय झालं, आई?"

"तहान लागली होती तिले. तरी आपल्या घरचं पाणी नाही घेतलं."

"अहो आई, इथे जातपात कुठली? जर्मन आहेत त्या!"

"आमच्या गावची पाटलीण सणाले आमच्या पदरात वरून पुरणपोळी टाकायची. एकदा उन्हानं चक्कर येऊन आमच्याच दारात बसली. माह्या मायनं पाणी आणलं. तिनं तोंड फिरवलं. तिच्या गल्लीतलं माणूस तांब्या घेऊन येईलोक तशीच बसून राहिली. मी लहान होती, पण मले समजलं. देणाऱ्याचा हात पाहू नये, दीपा. तो आपल्याकडून घेते का, ते पाहावं." मग त्यांची नजर पुस्तिकेवर गेली. "आणि हे पाह्य. पाणी नको, पण हिच्या धर्मात माणसं पाहिजे!"

अश्वजितनेही री ओढली. त्याच्या कारखान्यातला एक सहकारी म्हणाला होता, सांभाळ रे, झेक्टे आहे ती. झालं! माझ्यातले बटाटे कचऱ्याच्या पेटीत गेले आणि मला विसळून कपाटाच्या डोक्यावर चढवलं. मित्रांनो, तिथे माझ्यावर धूळ साचली. खालून कुणी वर बघेना. हाइडरूनबाईंनी दोनदा बेल वाजवली, दोन्ही वेळा दाराच्या फटीतून उत्तर मिळालं, "बाळ झोपलं आहे." आणि खोटं कशाला बोलू, वर बसून मलाही शंका येऊ लागली. बाई, तुम्ही खरंच का हो पाणी पीत नाही?

ऑगस्ट आला. द्रौपदीबाईंचा व्हिसा संपत आला, बॅग उघडी पडली. धम्मदीपाची जखम अजून दुखत होती आणि अश्वजितला रजा मिळत नव्हती. एका दुपारी ती रडायलाच लागली. "आई, तुम्ही गेल्यावर मी दिवसभर एकटी. काही झालं तर हाक कुणाला मारू? अख्ख्या इमारतीत एका हाइडरूननेच 'कशी आहेस' म्हणून विचारलं होतं."

द्रौपदीबाई बॅग भरत राहिल्या. पण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बेल वाजली तेव्हा त्यांनी दार पूर्ण उघडलं. हाइडरूनबाईंना बसवलं. मला खाली काढून, पुसून टेबलावर ठेवलं. रिकामं. माझ्यावर ती पुस्तिका.

"दीपा, मी बोलते तसंच्या तसं सांग. गोड करू नको. विचार तिले, तुम्हाले आमचा धर्म बदलायचा आहे काय?"

धम्मदीपा लाजेने अर्धी झाली, पण तिने विचारलं. हाइडरूनबाई लाल झाल्या. मला वाटलं, आता नाही म्हणतील आणि सुटतील.

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्या चर्चमध्ये आलात तर मला फार आनंद होईल. नाही आलात तरी बटाटे मी आणणारच."

"आम्ही एकदा धर्म बदलला आहे. माह्या बापानं बदलला, तेव्हा आम्ही माणसात आलो. आता पुन्हा नाही. हे पुस्तक घेऊन जा."

हाइडरूनबाईंनी पुस्तिका मुकाट्याने पर्समध्ये टाकली. "गेनाऊ, बरोबर आहे. समजलं."

"आता दुसरं. आमच्या घरचं पाणी काहून पीत नाही?"

हाइडरूनबाई बोटांत बोटं अडकवून बसून राहिल्या. बोला ना हो बाई! मला तोंड असतं तर मीच ओरडले असते.

"आल्झो, म्हणजे असं आहे," त्या शेवटी म्हणाल्या, "हे सांगायचं नसतं. आमच्या शास्त्रात आहे, उपास केला तर मिरवू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असतो. आदल्या संध्याकाळपासून अन्न नाही, पाणी नाही. माझ्या घरीसुद्धा नाही. त्या दिवशी माझ्यासाठी स्वयंपाक नसतो, म्हणून मी लोकांना भेटायला जाते."

धम्मदीपा हळूच म्हणाली, "आई, खरं असेल का हो?"

"पहिल्या प्रश्नाले खोटं बोलून मोकळी झाली असती. नाही बोलली," द्रौपदीबाई म्हणाल्या. "उपास सुटते कधी, विचार."

"सहा वाजता."

"मग बस म्हणा तिले. इथंच सोडेल."

आणि त्या उठल्या. बेसन घोटलं, माझ्यात थापून पातोड्या पाडल्या, झणझणीत रस्सा केला. माझ्या काचेला पहिल्यांदाच हळदीचा रंग चढला. सहा वाजता हाइडरूनबाईंनी हात बांधून, मान खाली घालून प्रार्थना केली. द्रौपदीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. हाइडरूनबाईंनी तो एका दमात संपवला आणि आणखी मागितलं. मग पातोडी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी खाल्ली, आणि तिसरा पेलाही प्यायल्या.

द्रौपदीबाई पदराने डोळे पुसू लागल्या.

"आई, रडताय?"

"आमचं पाणी काहून नको, हा प्रश्न मी जन्मात कोणाले विचारला नव्हता, दीपा. उत्तर मले ठाऊक होतं ना."

पुढच्याच आठवड्यात त्या अकोल्याला गेल्या. दोन दिवसांनी बाळाला ताप भरला आणि जिन्यातून हाक आली, "हाइडरून!" बाई पीठ भरल्या हातांनीच वर धावल्या.

मित्रांनो, मी अजूनही संशयी आहे. माझं झाकण मला अजून मिळालेलं नाही. म्हणून माझी विनंती साधी आहे. उसनं भांडं परत करा, झाकणासकट. मनात शंका असेल तर द्रौपदीबाईंसारखी तोंडावर विचारा. आणि कुणाच्या घरचं पाणी नाकारावंच लागलं, तर कारण सांगा. देव रागावणार नाही. त्या घराने आधी किती जणांचं 'नको' ऐकलं आहे, ते तुम्हाला माहीत नसतं.