सिंगल फेजचा स्पीकर

मचाणाच्या शिडीवर चढून संघपाल स्पीकरच्या वायरी सोडवू लागला. खाली वारलूकाका शिडी धरून उभे होते. स्पीकरमधून रेकॉर्ड केलेली मयुरी भर दुपारी, निसवलेल्या धानाला गाणं ऐकवत होती.

‘सिंगल फेज’ हे त्यांच्या बँडचं नाव तिनंच ठेवलेलं. ती गायची, संघपाल कीबोर्डवर आणि काकांचा मुलगा विक्की ड्रमवर. आपलं न्यू वेव्ह संगीत म्हणजे काय, हे सावली गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक वरातीचं धुमाल मागायचे. हे तिघे आपले गार, मशीनसारखं वाजवत राहायचे. तीन कार्यक्रम झाले. तिसऱ्याला मंडपवाल्यानं गाणं चालू असतानाच खुर्च्या उचलायला घेतल्या. मग मयुरी नोकरीसाठी पुण्याला गेली, विक्की सूरजागडच्या खाणीवर टिप्पर चालवायला. संघपाल तेवढा जिथल्या तिथे राहिला. आता दोन वर्षांनी गडचिरोलीच्या एका कॉलेजानं शनिवारी कार्यक्रमाला बोलावलं होतं, म्हणून संघपाल बँडचा स्पीकर न्यायला आला होता. मयुरी यायला तयार होती. विक्की मात्र फोनच उचलत नव्हता.

“काका, आमचं गाणं काऊन लावलं वावरात?”

“डुकरांसाठी. आंधी कुत्रे भुकल्याचा आवाज लावला, तं भेलेच नाई. मंग विक्कीच म्हणे, बाबा, आमचं गाणं लावा, त्याच्यापुढं कोणीच थांबत नाई.”

काका हे सांगताना हसले नाहीत. संघपालनं हसून पाहिलं, पण जिव्हारी लागलं होतं. त्यानं वायर उपटली. मयुरी अर्ध्या ओळीत बंद पडली.

“शनिवारी येईन का तो?”

“पोळ्यालेई नाई आला. फोन केला तं म्हणते, गाडीवर हावो.”

संघपाल वायर गुंडाळू लागला. मग त्याचा हात थांबला.

“डुकरं तं रातीले येतात, काका. दिवसा काऊन लावता?”

काका धानाच्या बांधीकडे बघत राहिले.

“त्याच्यातलं वाजवणं विक्कीचं हाय ना,” ते म्हणाले. “ने तू. तुमचाच हाय तो.”

संघपालला वर बसून रडावंसं वाटलं. गुंडाळलेली वायर त्यानं हळूहळू उलगडली, जागेवर खोचली आणि ड्रमचा आवाज पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जाईल इतका वाढवला.

“अरे, तुले शनिवारी पाह्यजे होता ना?”

“घाई नाई, काका,” शिडी उतरत तो म्हणाला. “धान निघू द्या.”